क्लोज, रिझल्ट, क्लिअर

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. लोकसभेचं किंवा विधानसभेचं मतदान सकाळी सातला सुरू व्हायचं असेल, तर तिथल्या मतदान केंद्रावर साडेपाचलाच मतं पडायला लागतात. देशातल्या इतर सगळ्या केंद्रांवरही हेच चालू असतं. ही मतं किमान पन्नास असावी लागतात, नोटासकट प्रत्येक बटणावर निदान एक तरी पडावं लागतं, आणि ती कुणाच्याही खात्यात जमा व्हायची नसतात. सरकारी मराठीत याला ‘अभिरूप मतदान’ म्हणतात. केंद्रावर मात्र सगळे ‘मॉक पोल’च म्हणतात. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. कुणाला किती मतं दाबली याची नोंद कागदावर ठेवलेली असते. मग मतदान केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं क्लोज बटण दाबतात, नंतर रिझल्ट, आकडे कागदाशी आणि मत कागदावर छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या चिठ्ठ्यांशी जुळले की क्लिअर. शेवटी टोटल दाबून पडद्यावरचं शून्य सगळ्यांना दाखवायचं. निवडणुकीच्या प्रशिक्षणात या तीन बटणांच्या क्रमाला ‘सीआरसी’ म्हणतात, आणि ज्या शिक्षकाला किंवा तलाठ्याला ड्युटी लागलेली असते, त्याच्या मनात मतदानाच्या आदल्या रात्री हीच तीन अक्षरं घोळत असतात.

मतदान यंत्रावर आजवर जे वाद झाले, ते बहुतेक मत नोंदवण्याविषयी झाले: बटण एकाचं दाबलं आणि मत दुसऱ्याला गेलं का, चिपमध्ये काय भरलं आहे, ती कुणी बदलू शकतो का. हे प्रश्न योग्यच आहेत. पण यंत्राचा चाळीसहून जास्त वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर नियम, सील, बटणं आणि न्यायालयीन आदेश यांतला मोठा भाग वेगळ्याच गोष्टीभोवती फिरताना दिसतो. चालू असलेलं काम संपलं, हे यंत्राने कसं सांगायचं? चाचणी संपून खरं काम सुरू झालं, याचा पुरावा काय? आणि एकदा संपलेलं पुन्हा सुरू झालं नाही, याची साक्ष कोण देणार? माझं म्हणणं असं, की मोजण्यापेक्षा थांबण्याची ही बाजूच यंत्राच्या विश्वासार्हतेचा कणा आहे, आणि थांबण्याची साक्ष यंत्राच्या बाहेरून येते तेव्हाच ती टिकते.

कागदी मतपत्रिकेच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हता. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने बारा लाखांहून जास्त पोलादी मतपेट्या बनवल्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीच्या बाबतीत सुरुवात आणि शेवट दोन्ही डोळ्यांना दिसत. सकाळी झाकण उघडून, पेटी उलटी करून प्रतिनिधींना दाखवायची, आत कागदी सील लावून बंद करायची. संध्याकाळी फट मिटवायची आणि वरून मोहोर लावायची. पेटी रिकामी आहे हे कळायला तिच्यात आधी मत टाकून पाहावं लागत नव्हतं. यंत्राने नेमकी हीच सोय काढून घेतली. सिलिकॉनच्या तुकड्यात किती मतं आहेत हे उलटं करून दिसत नाही. ते यंत्रालाच विचारावं लागतं आणि यंत्र बरोबर सांगतं आहे की नाही, हे कळायला आधी त्याच्यात मतं घालून पाहावी लागतात. म्हणजे यंत्र रिकामं आहे हे सिद्ध करण्यासाठी ते आधी भरावं लागतं. मॉक पोलची सारी गुंतागुंत या उलट्या व्यवहारातून आलेली आहे, आणि पेटीला कधीच नव्हता असा धोकाही त्यातूनच आला: चाचणीचा गाळ खऱ्या कामात राहून जाण्याचा.

यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते केरळमधल्या परूर मतदारसंघात, १९ मे १९८२ला, एकूण केंद्रांपैकी पन्नास केंद्रांवर. सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले, हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले, आणि मार्च १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात तरतूद नसताना यंत्राने मतदान घेता येत नाही. त्या पन्नास केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झालं आणि जोस जिंकले. न्यायालयाने यंत्रात खोट काढली नव्हती. यंत्राला कायद्यात जागाच नव्हती. ती जागा लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या ६१-अ या कलमाने १५ मार्च १९८९पासून मिळाली. याच सुमारास यंत्राला आजचं रूप आलं. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधले ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा त्याच्या घडणीत वाटा होता. मतदारापुढे एक खोकं, म्हणजे बॅलट युनिट, अधिकाऱ्यापुढे दुसरं, म्हणजे कंट्रोल युनिट, मधे केबल. नोव्हेंबर १९९८मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या सोळा विधानसभा मतदारसंघांत ते वापरलं गेलं.  २००४मध्ये लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागांचं मतदान यंत्रावर झालं.

अधिकाऱ्यापुढचं ते कंट्रोल युनिट जरा जवळून बघण्यासारखं आहे. हाताशी असतात ती बॅलट आणि टोटल ही दोन बटणं. दिवसभर त्यांनाच काम. क्लोज बटणावर टोपी असते, चुकून बोट लागू नये म्हणून. रिझल्ट आणि क्लिअर त्याहून आत, झाकणाखाली, आणि मतदान सुरू होण्याआधी त्या झाकणावर हिरवं कागदी सील चढतं, ज्यावर प्रतिनिधींच्या सह्या असतात. म्हणजे जे बटण जितकं न परतणारं, तितकं ते खोल. आतल्या प्रोग्रामलाही हीच शिस्त लावलेली आहे. क्लोज न दाबता रिझल्ट दाबलं तर पडद्यावर ‘इनव्हॅलिड’ येतं. निकाल न पाहता क्लिअर दाबलं तरी तेच. क्लोज झाल्यावर बॅलट बटण कितीही दाबा, नवं मत घेतलं जात नाही. यंत्राला थोड्याच अवस्था ठाऊक आहेत आणि एकीतून दुसरीत जाण्याचा रस्ता एकच आहे. अधिकारी थकलेला असो की घाईत, क्रम मोडायची मुभा त्याला नाही. १९८०च्या दशकातल्या तुटपुंज्या स्मृतीच्या चिपवर हे काम इतक्या नेटकेपणाने केलेलं आहे, की आजच्या कुठल्याही मोबाइल ॲपवाल्याने ते अभ्यासावं.

प्रोग्राम संपला म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न संगणकाच्या जगात स्वतंत्रपणे गाजला, आणि तिथलं उत्तर इथे उपयोगी पडतं. युनिक्सच्या काळापासून रिवाज असा, की प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. चाचण्यांच्या दृष्टीने हा रिवाज घातक होता. काहीच न करता मुकाट्याने बाहेर पडलेला प्रोग्रामही शून्यच ठेवतो. शिवाय हा आकडा आठ बिटांत बसवलेला असल्याने दोनशे छप्पन्न बिघाड मोजून तोच आकडा मागे ठेवणारा प्रोग्राम वळसा पूर्ण करून पुन्हा शून्यावर येतो. पर्ल भाषेच्या लोकांनी यावर तोड काढली: चाचणीने सुरुवातीलाच आपण किती तपासण्या करणार ते जाहीर करायचं, म्हणजे मधेच दम तोडला तर मोजणाऱ्याला कळतं. जावाच्या व्हर्च्युअल मशीनसाठी ज्या चाचण्या लिहिल्या गेल्या, त्यांत याहून निराळा रिवाज पडला. चाचणी उत्तीर्ण झाली तर बाहेर पडताना आकडा ९५, नापास झाली तर ९७. नवख्याला हे आकडे विचित्र वाटतात, पण हिशेब साधा आहे. इथे तपासायचं असतं ते मशीनच. ते मशीन बिघडून चाचणीची एकही ओळ न चालवता शून्य देऊन बाहेर पडू शकतं, किंवा चुकीने एक देऊ शकतं. अपघाताने ९५ मिळणं मात्र फार अवघड. तो आकडा आला म्हणजे चाचणीची शेवटची ओळ खरोखर चालली. यशाची खूण अशी निवडली, की ती शांततेतून उगवू नये.

त्याच चाचण्यांत आणखी एक डोकेदुखी होती. एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये चाचणी आणि ती चालवणारा पर्यवेक्षक असे दोघेही बसले असतील आणि चाचणीने ‘सिस्टिम डॉट एक्झिट’ म्हटलं, तर पर्यवेक्षकही तिच्याबरोबर जातो. निकाल लिहायला कुणी उरत नाही. बरीच वर्षं यावर सिक्युरिटी मॅनेजर नावाच्या पहारेकऱ्याचा उपाय चालला: बाहेर पडण्याची विनंती तो अडवायचा. जावा १७मध्ये, २०२१ साली, तो पहारेकरी बाद करण्याच्या यादीत गेला आणि मार्च २०२५च्या जावा २४मध्ये कायमचा बंद झाला. मशीन बंद होताना आवराआवर करण्यासाठी २००० सालच्या जावा १.३पासून शटडाऊन हुक मिळाले होते, पण वीज गेली किंवा कुणी प्रोसेस थेट मारली तर तेही चालत नाहीत. सुटण्याचा खात्रीचा मार्ग एकच उरला: चाचणी वेगळ्या मशीनमध्ये चालवायची, पर्यवेक्षकाने बाहेर घड्याळ लावून बसायचं, आणि आतल्याने काय सांगितलं यापेक्षा आपल्याला बाहेरून काय दिसलं ते लिहायचं. पुण्या-नागपूरच्या कंपन्यांत टेस्टिंग करणाऱ्या कुणालाही यात नवं काही वाटणार नाही. पण मतदान यंत्राच्या चर्चेत हा अनुभव फारसा कुणी आणत नाही, हे खटकतं.

मतदान यंत्रांच्याही चाचण्यांची मोठी माळ असते. निवडणुकीआधीच्या पहिल्या तपासणीत एक टक्का यंत्रांवर बाराशे, दोन टक्क्यांवर हजार आणि दोन टक्क्यांवर पाचशे मतं टाकून पाहतात. उमेदवारांची नावं चढवल्यावर पाच टक्के यंत्रांवर पुन्हा हजार. या चाचण्या गोदामात, इंजिनिअरांच्या उपस्थितीत, सवडीने होतात. तिथे आवरायचं विसरलं तरी पुढे पकडायला माणसं असतात. माळेतली शेवटची चाचणी मात्र केंद्रावर होते. झोप न झालेल्या चार-पाच जणांच्या हातून, घड्याळाकडे बघत, बाहेर रांग लागत असताना. आणि तिच्यानंतर पकडायला कुणी नसतं. सीआरसीचा क्रमच राहून गेला, तर पन्नास खोटी मतं खऱ्या मतांच्या खाली गाडली जातात. संध्याकाळी यंत्रावरची बेरीज आणि मतदारांच्या नोंदवहीतली बेरीज जुळत नाही. अशा चुका होतात म्हणून तर निवडणूक आयोगाला त्यांच्यासाठी कार्यपद्धती ठरवावी लागली: असं यंत्र मोजणीत बाजूला ठेवायचं, विजयाचं अंतर त्या केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर पुढे जायचं, कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या.

यावर सरळ आक्षेप असा, की ही माणसाची चूक आहे, यंत्राची नाही, प्रशिक्षण वाढवा. दुसरा त्याहून हुशार आक्षेप: प्रोग्राममध्येच सोय करा. यंत्राला ‘मॉक’ आणि ‘खरं’ अशा दोन अवस्था द्या, म्हणजे खोटी मतं आपोआप वेगळी राहतील. ऐकायला हे पटतं. पण आपली चाचणी चालू आहे हे यंत्राला कळू देणं म्हणजे चाचणीचा जीवच काढून घेणं. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं जे प्रकरण उघडकीस आलं, ते याच जागेवर घडलं होतं: डिझेल गाडीचं सॉफ्टवेअर धुराची तपासणी चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागत असे. मतदान यंत्राला मॉक आणि खरं यांतला फरक माहीत नाही, हा त्याचा दोष नसून अट आहे. साडेपाचचं मत आणि साडेसातचं मत त्याच्या लेखी सारखंच असलं पाहिजे, तरच पहिल्यावरून दुसऱ्याविषयी काही म्हणता येतं. मग दोहोंमधली रेघ यंत्राला ओढता येत नाही. ती माणसालाच ओढावी लागते. विसराळूपणाचा धोका ही प्रामाणिक चाचणीची किंमत आहे. प्रशिक्षणाने तो कमी होईल, पण संपणार नाही, कारण तो रचनेतच आहे. म्हणून प्रश्न उरतो तो साक्षीचा: रेघ ओढली गेली, हे कुणी पाहिलं आणि कुठे लिहिलं?

सुरुवातीला ही साक्ष निव्वळ सह्यांची होती. ऑगस्ट २०१३मध्ये नियम बदलले आणि व्हीव्हीपॅट आलं. नागालँडमधल्या नोकसेनमध्ये ते पहिल्यांदा वापरलं, त्यानंतर सुमारे महिन्याने सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर कागदी माग आवश्यक असल्याचं सांगितलं, आणि फेब्रुवारी २०१७मध्ये गोव्याच्या सगळ्या चाळीस मतदारसंघांत ते बसलं. व्हीव्हीपॅटकडे आपण मतदाराला सात सेकंद दिसणारी चिठ्ठी म्हणून पाहतो. माझ्या मते त्याची दुसरी कामगिरी कमी महत्त्वाची नाही: चाचणीला पहिल्यांदाच हाताला लागणारा अवशेष मिळाला. मॉक पोलच्या चिठ्ठ्या पेटीतून काढायच्या, त्यात सुरू होताना यंत्राने स्वतःची प्रकृती सांगत छापलेल्या सात चिठ्ठ्याही आल्या. मतांच्या प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर ‘मॉक पोल’चा शिक्का मारायचा, काळ्या जाड पाकिटात घालून ते डब्यात ठेवायचं, त्यावर गुलाबी कागदी सील. खऱ्या मतदानाचं सील हिरवं, खोट्याचं गुलाबी. इतकी नेमकी रंगयोजना सरकारी कामात क्वचित दिसते. मुद्दा असा, की सीआरसी करायची राहिली तरी पेटी रिकामी केलेली असेल, तर चिठ्ठ्यांची मोजणी खरा आकडा देते. यंत्राच्या आतला शेवट चुकला तरी बाहेरचा शेवट त्याला सावरून घेतो. व्हर्च्युअल मशीनच्या चाचण्यांनी पर्यवेक्षकाला मशीनबाहेर बसवलं, तेच इथे घडलं.

बाहेरच्या साक्षीदाराला स्वतःचे आजार असतात, हेही विदर्भाने पाहिलं आहे. २८ मे २०१८ला भंडारा-गोंदिया लोकसभेच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली आणि ३० मेला ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. छपाई तपासणाऱ्या सेन्सरवर जास्त उजेड पडल्याने यंत्रं चुकीचा इशारा देऊन थांबली, असं कारण पुढे आलं. त्या वेळी ही यंत्राची नाचक्की मानली गेली. रांगेत उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती होतीच. पण बिघाडाचा प्रकार पाहायला हवा. शंका आल्यावर यंत्र थांबलं. शंका गिळून ते छापत राहिलं असतं, तर फेरमतदान झालं नसतं आणि कुणाला काही कळलंही नसतं. बिघाडात गप्प न बसता ठणकावून थांबणारं यंत्र गैरसोयीचं असतं, तरी ते ९७ आकडा देऊन बाहेर पडलेल्या चाचणीसारखं आहे. त्याच्यावर राग काढावा, अविश्वास ठेवू नये.

कागदाकडेच परत जावं, हा सर्वांत मोठा आक्षेप. पेटी उलटी करून दाखवता येते, हे मी वर मान्य केलं आहे आणि ते मागे घेत नाही. पण पेटीला एक गोष्ट कधीच जमली नाही: तिला मधेच थांबवता येत नव्हतं. गुंड केंद्रात घुसले, मतपत्रिकांचे गठ्ठे शिक्के मारून आत कोंबू लागले, तर केंद्राध्यक्षाच्या हातात काही नसे. बूथ बळकावण्याविरुद्धची कठोर कलमं आणि यंत्राची परवानगी एकाच काळात, १९८९च्या आगेमागे, कायद्यात आली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. निवडणूक संचालन नियमांतला ४९-एक्स हा नियम केवळ यासाठीच आहे: बूथ बळकावलं जात असेल तर अधिकाऱ्याने ताबडतोब कंट्रोल युनिट क्लोज करायचं आणि बॅलट युनिट सोडवून घ्यायचं. टोपीखालचं तेच बटण, सकाळी चाचणी संपवणारं, संध्याकाळी मतदान संपवणारं, आणि प्रसंग पडला तर हल्ला निष्फळ करणारं. शिवाय यंत्र मिनिटाला चारपेक्षा जास्त मतं घेत नाही, त्यामुळे बळकावणाऱ्यालाही घड्याळाशी झगडावं लागतं. कागदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या थांबण्याच्या ताकदीचा पर्याय सांगितल्याशिवाय त्यांचा युक्तिवाद पुरा होत नाही.

अलीकडचे वाद तर उघडपणे शेवटाभोवतीच आहेत. २६ एप्रिल २०२४ला न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली, पण दोन आदेश दिले: चिन्हं चढवणारी युनिटं ४५ दिवस सीलबंद ठेवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागितलं तर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांचा बर्न्ट मेमरीतला, म्हणजे चिपमध्ये कायमचा कोरलेला, प्रोग्राम तपासू द्या. आयोगाने तपासणीची जी रीत ठरवली, ती पुन्हा मॉक पोलच होती, आणि त्यासाठी यंत्रातली झालेल्या मतदानाची माहिती पुसावी लागत होती. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यायालयाने सांगितलं ते हेच: माहिती पुसू नका, नवी भरू नका. नंतर कार्यपद्धती बदलली, आणि जुलै २०२५मध्ये महाराष्ट्रातल्या दहा विधानसभा मतदारसंघांतल्या यंत्रांची तपासणी झाली. त्यात दोष आढळला नाही, असं आयोगाने जाहीर केलं. तपासणीच पुराव्यावर बोळा फिरवत असेल, तर तिचा निकाल काहीही आला तरी मागणाऱ्याचं समाधान होणार नाही, हे न्यायालयाने ओळखलं. डिसेंबर २०२४मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने यंत्रावरचा निकाल पडताळायला गावपातळीवर कागदावर ‘मतदान’ घेऊन पाहायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, त्यामागची अस्वस्थताही हीच होती. मला तो उपाय पटत नाही. गावासमोर, ओळखीपाळखीत दिलेलं दुसरं मत पहिल्या गुप्त मताविषयी काहीच सिद्ध करत नाही. संपलेल्या घटनेची चाचणी ती पुन्हा घडवून होत नाही, तिने मागे ठेवलेल्या खुणांवरूनच होते. पण खुणा जपल्या जातात असा भरवसा नसेल, तर लोक घटनाच पुन्हा घडवायला निघणार, त्यात नवल नाही.

आता पुन्हा किन्हीराजासारख्या गावाकडे पाहिलं, तर एक विसंगती ठळक होते. तिथला मतदार ग्रामपंचायतीसाठीही यंत्रावरच मत देतो. प्रभागात एकाहून जास्त जागा असतात, म्हणून तो एकाहून जास्त बटणं दाबतो आणि शेवटचं मत नोंदल्यावरच लांब शिट्टी वाजते. आपलं मतदान पूर्ण झालं की नाही, हे त्याच्या कानाला कळतं. मतदारापुरता शेवट इतका स्पष्ट असताना केंद्रापुरता शेवट मात्र जुन्याच सह्यांवर उभा आहे, कारण महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांत व्हीव्हीपॅट सरसकट वापरलं जात नाही. सीआरसी राहून गेली तर मोजायला चिठ्ठ्या नाहीत. गावच्या निवडणुकीत तर दोन-चार मतांनी निकाल फिरतो. तिथे पन्नास मतांचा गाळ म्हणजे थट्टा नव्हे. प्रत्येक केंद्रावर छापखाना बसवायला पैसा आणि वेळ लागेल, हे खरं. पण त्याआधी करता येण्याजोगं एक काम आहे. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या आजच्या पिढीच्या यंत्रात प्रत्येक बटणाची वेळ नोंदवली जाते. शेवटचं क्लिअर किती वाजता दाबलं आणि पहिलं मत किती वाजता पडलं, या दोन वेळा पडद्यावर दाखवून फॉर्म १७-सीसारख्या मतांच्या हिशेबपत्रकात, प्रतिनिधींच्या सह्यांच्या वर, लिहायच्या. अधिकाऱ्यावर आधीच कागदांचं ओझं आहे, आणखी कशाला, असं कुणी म्हणेल. त्याच पत्रकातले काही रकाने आज मतदारांच्या नोंदवहीतून नक्कल करून भरले जातात. त्यांतला एखादा गाळला तर या दोन वेळांना जागा होईल.